रिपेरवाल्यांच्या साइटला नाव शोधताना: प्रकल्प नोंदी

४ जून २०२५, बुधवार

आज शेवटी ठरलं, साइट काढायची. दोन वर्षं रिपेरवाल्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवून व्हॉट्सअ‍ॅपवर मागेल त्याला पाठवतोय आम्ही, पण आता नोंदी १४० च्या वर गेल्यात आणि दर आठवड्याला कोणाचा तरी नंबर बदललेला असतो, जुनी फाइल फिरत राहते आणि लोक बंद नंबरवर फोन लावत बसतात. छत्री, कुकर, चेन, कल्हई, वेताची खुर्ची विणणारे, जात्याला टाकी लावून देणारे, रफू, जुने रेडिओ, असे सगळे पुण्यातले हातावर पोट असलेले कारागीर. यंदा पाऊस मे मध्येच आला आणि छत्रीवाल्यांचे नंबर विचारणारे इतके मेसेज आले की मला ऑफिसात काम करता येईना.

मावसभाऊ कोडिंग बघणार, मैत्रीण डिझाइन बघणार, माझ्याकडे नाव. दोघांचं म्हणणं होतं की नाव काय शेवटी घेऊ, आधी साइट उभी करू. मला ते पटलं नाही. आम्ही प्रत्येक कारागिराच्या टपरीवर एक स्टिकर लावणार आहोत आणि एकदा चिकटवलेलं स्टिकर चार-पाच वर्षं कोणी खरवडत नाही, त्यामुळे साइट दहा वेळा बदलता येईल पण नाव नाही. म्हणून नाव आधी.

७ जून, शनिवार

पहिली यादी काढली. दुरुस्ती, डागडुजी, ठिगळ, टाका, कल्हई, पुन्हा, नीटकरा, रिपेरकट्टा. सगळी मराठीत वाचताना छान वाटतात. मग प्रत्येक इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतलं आणि तिथेच अर्धी गळाली.

डागडुजी लिहून बहिणीला दाखवलं, तिने वाचलं "दगडूजी". मी म्हणलं नीट वाच, तर परत दगडूजी. बरोबरच आहे तिचं, ए हे अक्षर अ पण आहे आणि आ पण, आणि पुण्यात दगडू हे नाव लोकांच्या तोंडात इतकं बसलेलंय की डोळा तिकडेच जाणार. ठिगळ मध्ये ठ ला टी-एच आणि थ ला पण टी-एच, ळ ला तर अक्षरच नाही. टाका मला फार आवडलं होतं, टाका घालणे या अर्थाने, पण टाका म्हणजे फेकून द्या असंही होतं, जे आमच्या कामाच्या बरोबर उलट आहे, आणि इंग्रजीत ते ताका असंही वाचतात. पुन्हा हे तर बऱ्याच जणांना पुणेशी संबंधित काहीतरी चुकून टाइप झालंय असं वाटलं.

नीटकरा वर बराच वेळ थांबलो. नीट चं स्पेलिंग आता घराघरात पाठ आहे, एन डबल ई टी, मेडिकलच्या परीक्षेमुळे. म्हणजे ऐकणारा चुकणार नाही. पण त्याच कारणाने सर्चमध्ये नीट टाकलं की क्लासेस, कटऑफ, निकाल, उत्तरपत्रिका याच्याखाली आम्ही गाडले जाऊ. ज्या गोष्टीने स्पेलिंग सोपं केलं तिनेच नाव वापरण्यासारखं ठेवलं नाही. यादीतून काढलं, जरा जड मनाने.

१० जून, मंगळवार

फोन चाचणी. ही मी स्वतःसाठी ठरवलेली पद्धत: रस्त्यावर उभं राहून, गाड्यांच्या आवाजात, फोनवर नाव फक्त दोनदा सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि समोरच्याने जे टाइप केलं ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. कारण आमचं नाव असंच पसरणार आहे. कुकरवाले काका गिऱ्हाइकाला सांगणार, ती बाई घरी जाऊन शेजारणीला फोनवर सांगणार. कोणी लिंक कॉपी करून पाठवणार नाही.

नळ स्टॉपच्या चौकात उभं राहून "दुरुस्ती" सात जणांना सांगितलं. पाच वेगवेगळी स्पेलिंग आली. एकाने यू दोन्हीकडे, एकाने पहिल्या उ साठी डबल ओ, दोघांनी शेवटी डबल ई, आणि माझी एक जुनी कलीग जी दहा वर्षं बंगळुरात आहे तिने ती साठी टी-एच लावलं, तिकडे त असंच लिहितात म्हणे. एकाच शब्दाची ही अवस्था. ही सगळी स्पेलिंग विकत घ्यायची म्हटलं तर पाच डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्यांचे, पैसे दर वर्षी भरत बसायचं, आणि तरी सहावं निघेलच.

तांत्रिक बाजूने डोमेनच्या एका भागात ६३ अक्षरं चालतात, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ. लहान-मोठं अक्षर सारखंच धरतात. म्हणजे जागा भरपूर आहे, अडचण जागेची नाहीच. आडवी रेघ पण तपासून बघितली, "दुरुस्ती रेघ पुणे" असं सांगितलं तर तिघांपैकी दोघांनी अंडरस्कोअर टाकला, जो डोमेनच्या नावात चालतच नाही. रेघ बाद.

१२ जून, गुरुवार

मैत्रीण म्हणाली, एवढा इंग्रजी अक्षरांचा त्रास आहे तर देवनागरीतच घेऊ की, डॉट भारत आहेच. मला ही कल्पना मनापासून आवडली. डॉट भारत देवनागरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मराठी त्यात पहिल्यापासून आहे, आणि डॉट इन जे बघतात तेच निक्सी वाले याचाही कारभार बघतात. आपल्या कारागिरांसाठी आपल्या लिपीतला पत्ता, याहून चांगलं काय.

पण मग आज ऑफिसातून येताना मुद्दाम कर्वे रोडवरच्या पाट्या वाचत आलो. दुकानांवर "दुरुस्ती" आणि "दुरूस्ती" दोन्ही आहे, एका ठिकाणी तर एकाच पाटीवर वर ऱ्हस्व आणि खाली दीर्घ. डोमेनच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी नावं. रिपेर चं तर विचारूच नका, रिपेर, रिपेअर, रिपेयर, रिपेरिंग. ऱ्हस्व-दीर्घ आपण बोलताना पाळत नाही आणि लिहिताना प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे देवनागरीत गेलो तरी तोच घोळ फक्त आपल्या घरात येतो.

दुसरी गोष्ट, मावसभावाने दाखवलं की खाली यंत्रणेत देवनागरी नाव जसंच्या तसं जात नाही, ते इंग्रजी अक्षरांच्या एका कोडमध्ये बदलतं, सुरुवातीला एक्स-एन आणि दोन रेघा. ब्राउझर चांगला असेल तर आपल्याला मराठी दिसतं, पण लिंक कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की काही ठिकाणी ती सगळी अगम्य अक्षरं बाहेर येतात. असली लिंक आली तर माझी आई ती उघडणार नाही, आणि फसवणुकीचे इतके मेसेज फिरत असताना तिने उघडूही नये.

म्हणून देवनागरी पत्ता दुसरा म्हणून ठेवू, मुख्य नाही. याचं वाईट वाटतंय, खरंच.

१५ जून, रविवार

आज नाव बाजूला ठेवून नोंदी तपासायला फिरलो. सकाळी जुना बाजार, रविवार असल्याने भरलेला होता, तिथल्या दोन रेडिओवाल्यांचे नवीन नंबर घेतले. मग तांबट आळीत कल्हईसाठी, आणि तिथून रास्ता पेठेत कुकरवाल्या काकांकडे.

काकांच्या टपरीत माणूस एकच मावतो. समोर लाकडी पेटी, तिच्यात शिट्ट्या, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीप्रमाणे वेगळे लावलेले, आणि वर हँडलचे स्क्रू एका पत्र्याच्या डब्यात. ते एका कुकरचं झाकण मांडीवर उलटं धरून रबराची कडा बोटाने चाचपत होते, कुठे कडक झालंय ते बघत होते, आणि तेवढ्यात फोन आला. पार्ट पाठवणाऱ्या माणसाला पत्ता हवा होता, आणि तो मराठी नसावा कारण काका हिंदीत बोलत होते. झाकण खाली न ठेवता, फोन खांद्यात धरून त्यांनी सांगितलं, "रास्ता पेठ. पेठ, पेठ. पी-ई-टी-एच." एका दमात. सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस, इंग्रजी वाचत नाही असं स्वतःच सांगतो, पण पेठेचं स्पेलिंग त्यांच्या जिभेवर होतं.

मी तिथेच फोनमध्ये लिहून ठेवलं: पेठ.

घरी येताना विचार करत होतो की हे कसं काय. तर पेठ हा शब्द पुण्यात इंग्रजीत लिहायची वेळ रोज येते, लाइट बिल, आधार, बँक, कुरिअर, बसची पाटी. नारायण पेठ असो की भवानी पेठ, पुढे पी-ई-टी-एच ठरलेलं. कोणी थ म्हणून वाचत नाही, कोणी डबल ई लावत नाही. आणि रिपेर. बोलताना आपण सगळे रिपेर म्हणतो, पण इंग्रजीत लिहायचं झालं तर दुकानाच्या पाट्यांवर, गॅरेजवर, मोबाइलच्या टपरीवर आर-ई-पी-ए-आय-आर हेच बघत मोठे झालोय. दोन्ही शब्दांचं स्पेलिंग गावाने आधीच पाठ केलेलंय.

रिपेरपेठ.

म्हणजे इतके दिवस मी असा मराठी शब्द शोधत होतो जो इंग्रजी अक्षरांत नीट बसेल. शोधायचा होता तो असा शब्द जो लोक आधीपासून इंग्रजी अक्षरांत लिहीत आलेत.

१७ जून, मंगळवार

रिपेरपेठ ची फोन चाचणी, या वेळी बारा जण, त्यात आईच्या भिशीतल्या चार जणी मुद्दाम घेतल्या. दहा जणांनी बरोबर पाठवलं. एकाने शेवटचा एच गाळला, त्यामुळे ते पेट झालं, म्हणजे कुत्र्या-मांजरांचं काहीतरी. एकीने रिपेर आवाजाप्रमाणे आर-आय-पी-ई-आर लिहिलं. बारातले दहा, एकदाही स्पेलिंग न सांगता, हे मला फार चांगलं वाटलं.

या बारांत न धरलेल्या भिशीतल्या आणखी एका मावशींनी मात्र टाइप केलंच नाही, त्यांनी माइक दाबून बोलून पाठवलं आणि फोनने "रिपेअर पेठ" असं देवनागरीत लिहून दिलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साठीच्या पुढचे बरेच जण हेच करतात, पत्ता टाइप करत नाहीत, माइकवर बोलतात आणि सर्चमध्ये जे वर येईल ते उघडतात. म्हणजे त्यांच्यासाठी डोमेनचं स्पेलिंग महत्त्वाचंच नाही, पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या ओळीत रिपेर, रिपेअर, दुरुस्ती हे सगळं देवनागरीत लिहिलेलं असणं महत्त्वाचं. मावसभावाला कळवलं.

दोन शब्दांचा सांधा पण तपासला. एक शब्द आर ने संपतो, दुसरा पी ने सुरू होतो, अक्षर दुहेरी होत नाही. कुकररिपेर असतं तर मध्ये दोन आर आले असते आणि निम्म्या लोकांनी एकच टाकला असता. रिपेरकट्टा आमच्या यादीत शेवटपर्यंत होतं, त्यात दोन टी लागतात, आणि छत्रीवाले भैया म्हणाले की त्यांच्याकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. ते काढलं ते बरंच झालं.

मध्ये "रिपेरकाका" पण सुचवलं होतं मैत्रिणीने, स्पेलिंगला त्याहून सोपं काही नाही. पण आमच्या यादीत गोधड्या शिवणाऱ्या, रफू करणाऱ्या, चेन बसवणाऱ्या बायका तीसच्या वर आहेत. त्यातल्या एका ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "काकांच्या नावाच्या पाटीखाली मी कशाला बसू?" विषय संपला.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात आल्या. पेठांतले रस्ते बंद, कोणाकडे जाणं शक्य नाही, त्यामुळे घरी बसून तपासणीचं काम.

आधी बघितलं की हे नाव पूर्वी कोणी वापरून सोडलेलं आहे का. वेबॅक मशीनवर पत्ता टाकला की साइटची जुनी रूपं दिसतात. यादीतल्या एका दुसऱ्या नावाच्या बाबतीत तिथे सट्ट्याच्या जाहिराती निघाल्या होत्या, असलं नाव घेतलं की मागचा मालक काय करून गेला ते आपल्या गळ्यात पडतं. रिपेरपेठ वर काहीच नाही, कोरं आहे.

मग ट्रेडमार्क. सरकारी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर सर्च फुकट आहे, दुरुस्तीच्या सेवा ३७ व्या वर्गात येतात, तिथे शब्दाने पण शोधलं आणि उच्चाराने पण. जवळपास जाणारं काही सापडलं नाही. मैत्रिणीची बहीण लॉ करते, ती म्हणाली हे टाळू नका, कारण २००४ मध्येच सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सांगितलंय की डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. सत्यमचं सिफी आणि समोरच्याचं सिफीनेट, ऐकायला इतकं जवळ. म्हणजे डोमेन मोकळं मिळालं म्हणजे नाव आपलं झालं असं नाही.

२४ जून, मंगळवार

डॉट काय लावायचं. डॉट कॉम १९८५ च्या मार्चपासून नोंदवलं जातंय, ४० वर्षांत बरेचसे छोटे सरळ शब्द संपले, पण आमचं नाव जोडशब्द असल्याने डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मिळतंय. डॉट इन २००५ पासून सगळ्यांना थेट खुलं झालं. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन असले नवीन प्रकार पहिल्या वर्षी खूप स्वस्त दाखवतात आणि दुसऱ्या वर्षीचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो, तो पहिल्या वर्षाच्या कित्येक पट. नेहमी नूतनीकरणाचा आकडा बघायचा, अधिक १८ टक्के जीएसटी, आणि तो पाच वर्षांनी गुणायचा.

काकांना फोन करून विचारलं, गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना शेवटी काय म्हणाल. म्हणाले डॉट कॉमच म्हणणार, सवय आहे. म्हणून दोन्ही घ्यायचे. स्टिकरवर डॉट इन, कारण लहान आहे आणि मोठ्या अक्षरात बसतं, आणि डॉट कॉम टाकलं तरी तिथेच पोचेल. पेट वालं चुकीचं स्पेलिंग घ्यायचं का यावर वाद झाला. मी घेऊ म्हणत होतो, मावसभाऊ म्हणाला आधी सहा महिने बघू किती लोक चुकतात. त्याचं ऐकलं.

२८ जून, शनिवार

घेतलं. नाव आमच्या तिघांच्या सामायिक ईमेलवर, माझ्या पर्सनल वर नाही आणि साइट बनवणाऱ्या कोणाच्या तर नाहीच नाही.

याला कारण आहे. माझ्या मोठ्या ताईच्या शिवणक्लासची साइट होती, एका माणसाने बनवून दिली होती, डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतलं आणि ताईला हे माहीतच नव्हतं. तीन वर्षांनी तो फोन उचलेनासा झाला. मुदत संपल्याचे मेल त्याला गेले असणार, ताईला काही आलं नाही, आणि एक दिवस बायकांचे फोन यायला लागले की ताई तुमच्या साइटवर हे काय भलतंच दिसतंय. ताईने ते नाव कागदी पिशव्यांवर छापून घेतलं होतं, पाचशे पिशव्या. ती त्या रात्री स्वयंपाकघरात बसून प्रत्येक पिशवीवरचा पत्ता काळ्या मार्करने खोडत होती, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, साधारण काही दिवस ते चालू दरात परत देतो, मग ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते बाजारात मोकळं होतं. वेळेत कळलं असतं तर निदान धडपड केली असती.

म्हणून आता: दोन्ही डोमेन पाच वर्षांसाठी, ऑटो रिन्यूअल चालू, ट्रान्सफर लॉक (नाव कोणी दुसरीकडे हलवू नये म्हणून) चालू, लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी, आणि मुदतीची तारीख तिघांच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधी. पासवर्ड एका कागदावर माझ्या आईच्या कपाटात, साड्यांखाली.

१ जुलै, मंगळवार

डीएनएस जोडलं, म्हणजे नाव टाकलं की आमचं पान उघडेल असं केलं, साध्या पानावर फक्त छत्रीवाल्यांची यादी टाकलीये, कारण आत्ता तीच लागतेय. २३ नावं, पेठांनुसार, खाली कोथरूड, हडपसर, पिंपरी.

संध्याकाळी पाऊस होता तरी रास्ता पेठेत जाऊन काकांना फोनवर साइट दाखवली. त्यांनी स्वतःचं नाव शोधलं, यादीत कुकरवाले अजून नाहीत म्हटल्यावर जरा हिरमुसले, पुढच्या आठवड्यात टाकतो असं सांगून आलोय आणि ते आधी करायचं, बाकी सगळं नंतर. निघताना एक बाई छत्री घेऊन आल्या, काडी तुटलेली. काका म्हणाले हे माझं काम नाही, आणि मला काही न विचारता त्यांना सांगितलं, "रिपेरपेठ डॉट इन बघा. पेठ, आपली नेहमीची." बाईंनी तिथेच उभं राहून टाइप केलं आणि पान उघडलं.

५ जुलै, शनिवार

स्टिकरचा पहिला नमुना आला. अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रिंटरने डॉट आणि इन च्या मध्ये जागा सोडलीये, कोणी तसंच बघून टाइप केलं तर उघडणार नाही, ती काढायला सांगितली. शाई पण पावसात टिकणारी हवी, त्यावर वरून लॅमिनेशन घ्यायचं ठरलं, स्टिकरमागे दोन रुपये वाढतात. शंभर छापतोय. पहिले वीस छत्रीवाल्यांना, एक काकांच्या पेटीवर.